सुलोचनाबाईंच्या आवाजासाठी कन्सोल

अड्याळच्या अंकुशने घराच्या मागच्या खोलीत गाणी मिक्स करायला सुरुवात केली, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. पवनीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची नोकरी होती, बायको हर्षा उपकेंद्रात नर्स होती. धानाची रिकामी पोती भिंतीला ठोकून माणूस शांत बसत असेल तर बसू द्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

पहिलं मोठं काम त्याने घरचंच घेतलं. त्याचे वडील यादोराव जुन्या गायन पार्टीत ढोलक वाजवत. पार्टीच्या गायिका सुलोचनाबाई. भीमजयंतीला तालुक्यात कुठेही स्टेज लागला की या दोघांना बोलावणं असायचं. आता पार्टी मोडली होती, पण माणसं होती. खोलीत सगळे मावेनात म्हणून अंकुशने एकेकाला बसवून रेकॉर्ड केलं आणि सुलोचनाबाईंना ऐकायला बोलावलं.

त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे म्हातारी कोण बसवली?"

अंकुशने त्यांच्याकडेच बोट केलं.

"मी अशी नाई गात," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

चूक कुणाचीच नव्हती. बाईंनी उभा जन्म भोंग्यावर गायलं होतं, स्वतःला बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. अंकुशचा माइक फार स्वच्छ होता. त्याला त्याचा अभिमानही होता. त्या माइकने श्वास पकडला, कापरा सूर पकडला, एका ठिकाणी कवळीही पकडली.

अंकुशला जेवण जाईना. इंटरनेटवर धुंडाळताना त्याला कळलं, की जुन्या स्टुडिओत बटणांनी भरलेलं टेबलाएवढं यंत्र असे, त्याला कन्सोल म्हणत. आवाज त्यातून जाताना त्याची धार थोडी बोथट व्हायची, अंगावर थोडं मांस चढायचं. त्या कन्सोलच्या नकला आता प्लगिन म्हणून कॉम्प्युटरमध्ये मिळतात. त्याने तीन निरनिराळ्या नकला वापरून पाहायला उतरवून घेतल्या. तिसरी इतकी प्रामाणिक होती, की तिच्यात मूळ यंत्राची घरघरही होती. अंकुशने ती प्रत्येक ट्रॅकवर लावली आणि स्पीकर मोठा केला.

"मोटार चालू राहिली काय रे?" यादोरावांनी अंगणातून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते बोअरकडे जाऊन पाहून आले.

घरघर बंद करायचं बटण नंतर सापडलं. पण तिन्हींतली कोणती घ्यावी, हे ठरेना. सकाळी पहिली बरी वाटायची, कॉलेजातून आल्यावर दुसरी. शेवटी त्याने हर्षाला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. तिने न सांगता बदलत जायचं, त्याने कानाने निवडायचं.

"हाच!" थोड्या वेळाने तो म्हणाला. "ह्याच्यात खोली आहे. पाह्य, आवाज कसा पुढे येऊन राहिला."

"ह्याच्यात काहीच नाई लावलं," हर्षा म्हणाली.

अंकुश भिंतीकडेच पाहत राहिला. "आणखी एक वेळ कर," म्हणाला. तिने केलं. त्याने पुन्हा तेच निवडलं.

"मंग विकत कायले घेतं?" हर्षाने विचारलं. "आहे तसंच राहू दे."

"तसं मले आवडते. सुलोचना मावशीले नाई ना."

हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कान चुकीच्या माणसाचे वापरणं चाललं होतं.

रविवारी तो लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन सुलोचनाबाईंच्या घरी गेला. एकट्याची हिंमत होईना म्हणून वडिलांना सोबत नेलं. बाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही.

"मले नाई ऐकायचं, बाबू."

"तुमचा आवाज नोका ऐकू, मावशी. ढोलक ऐका."

हे खोटं होतं, पण चाललं. पदरावरूनच त्यांनी हेडफोन चढवला. अंकुशने पहिली नक्कल लावली. बाईंनी नाक मुरडलं. दुसरीला म्हणाल्या, "सर्दी झाल्यावानी वाटते." तिसरी लागली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. एका हाताने मांडीवर ठेका धरला. कडवं संपलं तरी हेडफोन काढला नाही, आणखी एकदा लावायला लावलं.

"हे मी होय," त्या म्हणाल्या. जरा थांबून विचारलं, "ढोलकावर कोण आहे?"

"मीच तर आहो," यादोराव म्हणाले.

"तुमी? इतकं बरं वाजवत होते काय तुमी?"

बाईंनी चहा टाकला. अंकुशने तिथे बसूनच मोबाइलवरून तिसरी नक्कल विकत घेतली.

दोनचार दिवसांनी यादोराव आपणहून मागच्या खोलीत आले आणि पोत्याला टेकून बसले. फक्त ढोलक लाव म्हणाले. एक वेळ कन्सोल काढून, एक वेळ लावून. अंकुशने तसं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं.

"पयला वाजला तो बिना कन्सोलचा?"

"हो, बाबा."

"तो मी होय," यादोराव म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "पण ठेव दुसराच."