अमीनबुवांचं पद आणि तानाबाई

शाहूपुरीत माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. संध्याकाळी चौकातल्या दूध कट्ट्यावर जायचं, समोर धार काढून घ्यायची आणि फेसाळ ग्लास उभ्यानं रिकामा करायचा, हा माझा पंधरा वर्षांचा नेम. म्हैस तानाबाईंची. या उचगावच्या. सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या, तोंडानं फटकळ. ग्लास विसळून न ठेवणाऱ्याची चारचौघांत खरडपट्टी काढायच्या.

त्यांची चंद्री गाण्याशिवाय पान्हा सोडत नसे. गाणं एकच, अमीनबुवांचं. हे बुवा म्हणे पाचशे वर्षांपूर्वीचे नालबंद. बैलांना नाल ठोकता ठोकता पदं रचायचे आणि फकीर असो की गुरव, दोघांनाही तेच ऐकवायचे. तानाबाईंना ते आईकडून मिळालेलं.

एक म्हणे अल्ला, एक म्हणे हरी,
दोघांची माउली एकाच घरी.

गेल्या वर्षी कुणीतरी त्यांचा हे पद म्हणतानाचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. पंचविशीचा नातू राजवीर तणतणत कट्ट्यावर आला.

"आज्जी, पोरं मला वाट्टेल ते बोलत्यात. गाण्यातनं त्ये अल्लाचं नाव काढून टाक, न्हायतर हितं येऊ नगंस."

पोरगा वाईट नाही. घाबरला होता.

तानाबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी अल्लाच्या जागी राम आला आणि चंद्रीनं बिनतक्रार दूध दिलं. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. भांडण नाही, तंटा नाही, दूध तेवढंच.

पण तानाबाई बिथरल्या. धार काढता काढता मध्येच उठायच्या, चंद्रीला उगाच डाफरायच्या, भरलेला ग्लास एकाच्या हातातून काढून दुसऱ्याला द्यायच्या. पद सुरू करायच्या, पहिल्या ओळीलाच थांबायच्या. त्यांची ती चुळबुळ बघून आम्हालाही दूध गोड लागेना.

आठव्या दिवशी राजवीर कट्ट्यावर आला, तशी त्यांनी चरवी खाली आपटली.

"राजवीर, राम आन हरी एकाच घरातलं न्हवं? मग गाण्यातली ही दोघं भांडत कशापायी हुती? आन बुवानं ह्ये गाणं केलंच कशाला?"

"आज्जी, म्हशीला चालतंय की!"

"तिला चालतंय. म्हस हाय ती. मला चालत न्हाय." आणि त्या वळल्या त्या थेट माझ्याकडे. "भाऊ, तुमी सांगा ह्याला. पंधरा वर्सं ऐकतायसा. काय वंगाळ हाय त्यात?"

कट्ट्यावर आम्ही दहा-बारा जण होतो. पद सगळ्यांना पाठ होतं. मी ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिलो.

तानाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दावं राजवीरच्या हातात दिलं आणि उचगावच्या रस्त्याला लागल्या. त्या परत आल्या नाहीत.

आता राजवीर येतो. मोबाइलवर कसलंतरी गाणं लावतो, चंद्री दूध देते. मी मात्र पैसे दिले तरी घोटभर पिऊन ग्लास ठेवतो. दुकानात लक्ष लागत नाही, गिऱ्हाईक एक मागतं, मी दुसरंच काढून देतो.

परवा राहवेना म्हणून उचगावला गेलो. तानाबाई दारात शेंगा फोडत होत्या.

"राजवीरचं एवढं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. "पोरगं आहे."

"त्याचं काय न्हाय वो. तुमी नुस्तं 'काय वंगाळ न्हाय' म्हणायचं हुतं. येवढंच."

त्यांनी हातातली शेंग ठेवली.

"मग म्हणा की आता. पाठ हाय न्हवं? म्हणा, मी ऐकते."

मला म्हणायचं होतं, अगदी मनापासून. मी घसा खाकरला. आणि तोंड उघडण्याआधी मागं वळून गल्लीत कुणी आहे का, ते पाहिलं.

तानाबाईंनी ते बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.