अब्बाससाहेब वकील आणि अब्बाससाहेब मंत्री

आमच्या माणगावच्या कोर्टाची बार रूम म्हणजे एक पत्र्याची पडवी, दोन बाकं आणि एक माठ. कायद्याची पुस्तकं मोजून अकरा. किस्से मात्र इतके, की ठेवायला कपाट पुरलं नसतं! एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवायचे, आणि तेवढ्यात शिपाई पुकारा करायचा. त्यातले निम्मे तरी अब्बाससाहेबांचे. पुढे ते मुंबईला मंत्री झाले. त्याआधी, वकिलीच्या काळात, मी त्यांचा ज्युनिअर होतो, म्हणून यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

साहेब दिघीचे. घराणं नाखव्यांचं, गलबतं चालवणारं. उंच बांधा, डोक्याला तुर्की टोपी, आवाज इतका मऊ की साक्षीदाराला वाटायचं, हा आपल्याच बाजूचा आहे. तिथेच तो फसायचा!

* * *

धोंडू नावाच्या एका कुळावर खोताने दावा लावला होता. आरोप असा, की धोंडूने खाडीचा बांध फोडला आणि खारं पाणी शेतात घेतलं. तो खरा ठरला असता तर धोंडूची जमीन गेलीच होती. खोताचा साक्षीदार एकदम पक्का. म्हणाला, "अष्टमी होती. माझा उपवास असतो, म्हणून नक्की आठवतंय. याने बांध फोडला नि भरतीचं पाणी धो धो आत आलं!"

साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "नक्की अष्टमीच ना?"

"देवाशप्पथ!"

साहेब खाली बसले. आमचे सबजज्ज साताऱ्याकडचे, त्यांनी समुद्र नकाशातच जास्त पाहिलेला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, झाली उलटतपासणी?"

"झाली, साहेब. अष्टमीला भांगाची, म्हणजे सगळ्यांत लहान भरती असते. पाणी मुळात बांधापर्यंत येतच नाही, मग फोडून आत काय घेणार?"

"याला पुरावा?"

"पुरावा खाडीत आहे. येत्या अष्टमीला कोर्ट बांधावर भरवा!"

आणि सबजज्ज खरोखर आले हो! कोट, बूट, हातात छत्री. खोत एका बाजूला, धोंडू दुसऱ्या बाजूला, आणि सगळा गाव पाण्याकडे बघत उभा. धोंडूचे तर ओठ पांढरे पडले होते. भरती आली, थांबली आणि गेली. दावा फेटाळला गेला. निकालपत्रातलं ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं: "भर भरतीच्या वेळी कोर्ट बांधाच्या पायथ्याशी पाऊण तास उभे होते. कोर्टाचे बूट कोरडे राहिले."

* * *

साहेबांसमोर नेहमी उभे राहायचे ते भाऊसाहेब. आमच्या बारमधले सगळ्यांत ज्येष्ठ. दर मुद्द्याला टेबलावर मूठ आपटायची त्यांची सवय. एका पावसाळ्यात त्यांचा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा! सबजज्ज पुढची तारीख द्यायला तयार नाहीत. भाऊसाहेब बिचारे हातातली टिपणं हलवत उभे.

अब्बाससाहेब उठले. "कोर्टाची आणि भाऊसाहेबांची हरकत नसेल, तर त्यांची टिपणं मी वाचून दाखवतो."

आणि असं वाचलं म्हणता! जिथे भाऊसाहेबांनी मूठ आपटली असती, तिथे तिथे साहेबांनी आपटली. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साहेब घोटभर पाणी प्याले आणि त्याच्या विरुद्ध बाजूने स्वतःचा युक्तिवाद केला.

निकाल भाऊसाहेबांच्या बाजूने लागला!

साहेबांचा अशील, म्हसळ्याकडचा एक व्यापारी, बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिलं बोललात ना, तेच बरं होतं. माझ्या वेळेला तुम्ही दमला होतात!"

पुढे अपिलात साहेबांनी त्याला दावा जिंकून दिला. अर्थात तोवर भाऊसाहेबांचा घसा मोकळा झाला होता.

* * *

मग साहेब कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. त्या वेळी मुसलमानांच्या जागेला मुसलमानांनीच मत द्यायचं, अशी याद्यांची वाटणी होती. हे आम्हाला ठाऊक, पण धोंडूला कुठलं ठाऊक असायला! बांधाच्या खटल्यातला तोच धोंडू. नवी बंडी घालून चार कोस चालत मतदानाच्या जागी हजर!

अधिकारी म्हणाला, "तुझं नाव या यादीत नाही. तुझी यादी वेगळी."

"वेगळी कशी? माझा वकील त्योच हाय."

"ते मुसलमान, तू हिंदू."

धोंडूने थोडा विचार केला. "बांधावर माझ्यासंगं हुबा राह्यला तवा कुनी यादी काढली न्हाय ती!"

अधिकारी पुन्हा यादी चाळू लागला. शेवटी धोंडू म्हणाला, "बरं, मत नको घेऊ. पन कुटंतरी लिवून ठेव, धोंडू आला व्हता म्हनून."

त्या अधिकाऱ्याने खरंच एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. साहेब निवडून आले. आकडे सांगायला आम्ही धावत गेलो, तर साहेबांनी ते ऐकलेच नाहीत. म्हणाले, "धोंडू जेवून गेला का?"

* * *

मंत्री झाल्याची तार आली तेव्हा साहेब पहिले दिघीला गेले, आईच्या पाया पडायला. मी बरोबर होतो. दिघी नबाबाच्या संस्थानात, त्यामुळे आईंच्या हिशेबी सरकार म्हणजे नबाब. मुंबईचं सरकार ही काय चीज आहे ते त्यांना समजेना.

"अब्बास, मंत्री म्हंजे काय रे?"

"कचेरीत बसून हुकूम काढायचे, आई."

"आनि कोर्टातलं भांडान?"

"आता बंद."

"मग दिसभर करशील काय?"

"सह्या."

आई काळजीने म्हणाल्या, "सही तर तू चौथीतच शिकलास. मग पुढं इतकी सालं काय शिकत होतास?"

* * *

साहेब मंत्री झाल्यावर मलाही जरा चळ लागला, कशाला खोटं बोलू! माझा भाचा गोविंद नुकताच मॅट्रिक झाला होता. त्याला सरकारात चिकटवा म्हणून मी चिठ्ठी देऊन पाठवलं.

साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि आपल्या त्या मऊ आवाजात विचारलं, "गोविंदराव, तुमचे मामा माझ्या ओळखीचे नसते तर कुठे अर्ज केला असता?"

"रेल्वेत."

"छान. मग तिथेच करा!"

मी दोन महिने साहेबांना पत्र लिहिलं नाही. गोविंद मात्र रेल्वेत लागला आणि स्टेशनमास्तर झाला. मामामुळे नोकरी लागली असं म्हणायची सोय नाही, हे तो मलाच हसत हसत ऐकवतो.

* * *

आता शेवटचा.

आमच्या बाजूच्या एका कोळीवाड्याला हुकूम आला: किनाऱ्यावर मासळी वाळवायची नाही, वासाने आरोग्याला अपाय होतो. वाळवण बंद म्हणजे पावसाळ्याचे चार महिने घरात चूल नाही. हिराबाई नावाची कोळीण दोन पुरुषांना घेऊन माझ्याकडे आली. "आमाला अब्बासवकिलाकडं न्या!"

धरमतरहून आगबोटीने आम्ही मुंबई गाठली. रविवारी सकाळी साहेबांच्या बंगल्यावर. हिराबाईने कागद पुढे केला. "कुनी मंत्री हाय म्हनं, त्यानं काढलाय. त्याला कोर्टात खेचा!"

मी जोरात खोकलो. हुकूम साहेबांच्याच खात्याचा होता, त्यांच्याच नावाने निघालेला!

साहेबांनी तो दोनदा वाचला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग वकिलासारखे सरसावून बसले. वारा कुठून येतो, वस्ती किती लांब, मासळी किती दिवसांत वाळते, तासभर हिराबाईला विचारत होते. नंतर स्वतःच्या हाताने तीन पानी अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य असं: "हा हुकूम काढणाऱ्याने किनारा डोळ्यांनी पाहिलेला दिसत नाही."

मी म्हणालो, "साहेब, हे जरा जास्तच होतंय."

"दत्तोपंत, आपण अशिलाचं हित बघायचं. याची नक्कल तुमच्या अक्षरात करा. आणि हिराबाई, उद्या अकराला सेक्रेटरिएटमध्ये द्या. अर्ज कुणी लिहिला विचारलं तर नाव सांगायचं नाही."

सोमवारी अकराला आम्ही आत गेलो. मोठ्या टेबलामागे अब्बाससाहेब, शेजारी गोरा सेक्रेटरी. हिराबाई दारातच क्षणभर थबकली. पदर सारखा केला आणि पुढे होऊन अर्ज ठेवला.

साहेबांनी तो सबंध मोठ्याने वाचला, त्या वाक्यासकट. सेक्रेटरीला इंग्रजीत समजावून सांगितला. हुकूम तिथल्या तिथे रद्द! सोबतच्या दोघा कोळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले.

मग साहेबांनी चष्मा काढला. "अर्ज फार चांगला लिहिलाय. तुमचा वकील कोण?"

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि हात जोडले.

"त्ये मी सांगायची न्हाय, साहेब. पन मानूस शाना हाय. तुमच्या जागंवर त्योच बसाया पायजे व्हता!"