छाती बघायची नळी

तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. हातापायांत लवकर बळ आलं. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन मागे फिरायचे. नवरा शिंपी. दुपारी दुकान बंद करून तो त्यांना वाचा-उपचाराला नेऊ लागला.

उपचार करणारी मुलगी तरुण, पण चिकाटीची. ती चित्रांची कार्डं एकेक करून समोर धरायची. कात्रीचं चित्र पाहून बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तिघंही हसली. मग स्टेथोस्कोपचं कार्ड आलं.

जन्मभर गळ्यात वागवलेली वस्तू! बाई कासावीस झाल्या. खूप झटून म्हणाल्या, "छाती... छाती बघ."

"बघायचं नाही हो, बाई. ऐकायचं."

"बघ! छाती बघ!" बाईंनी कार्ड उलटं टाकलं. डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर शिंप्याला चैन पडेना. बायको हट्टी खरी, पण उगाच हट्ट करणाऱ्यातली नव्हे. त्याने माळ्यावरून तिच्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत तिच्याच अक्षरात सापडलं: 'स्टेथोस म्हणजे छाती, स्कोपेइन म्हणजे बघणे. मूळ ग्रीक. मुली हटकून विचारतात, ऐकायच्या नळीला बघणं कसं? सांगावं, कानाने आत बघायचं.'

दुसऱ्या दिवशी ती वही वाचून मुलगी ओशाळली. "चुकलं माझं, बाई. तुम्ही शब्द फोडून सांगत होतात, आणि मी तुम्हालाच शिकवायला निघाले!"

बाईंनी तिच्या गालावर हलकेच चापटी मारली.

तेव्हापासून मुलगी नाव आधी विचारीनाशी झाली. वस्तू काय करते, तेवढंच विचारायची. थर्मामीटरला बाई म्हणाल्या, "गरम... मोज." काही नावं त्या वाटेने हळूहळू परतली, काही कधीच आली नाहीत. स्टेथोस्कोप हा शब्द तर नाहीच.

पावणेदोन महिन्यांनी एका सकाळी शिंपी दुकानाला निघाला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, डबा राहिला."

तो दारातच थबकला. नीट ऐकू आलं होतं, तरी म्हणाला, "काय म्हणालीस?"

बाई डबा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहताच त्यांना त्याची लबाडी कळली.

"बहिरे," त्या म्हणाल्या, आणि डबा त्याच्या हातात देताना खुदकन हसल्या.