पाठकोरा नव्हता तो कागद

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. बॉक्सिंगच्या जुन्या मासिकांची चोरी होती, आणि इतका राग मला पोलिसाच्या नोकरीत क्वचितच आला.

भिसेगावातले एक निवृत्त फिटर तक्रार द्यायला आले. तरुणपणी कारखान्याच्या संघातून बॉक्सिंग खेळलेले. मुंबईच्या फुटपाथवरून शोधून शोधून त्यांनी कपाटं भरून मासिकं जमवली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले आणि परतले तर कपाटं रिकामी. ठाणे अंमलदाराने 'जुनी रद्दी' असं लिहायला घेतलं.

"रद्दी नाय साहेब," म्हातारबाबा म्हणाले. "एका अंकात माजा फोटो हाय, रिंगमधला. तेवढाच पुरावा. नातवंडांना खरंच वाटत नाय, मी खेळायचो ते."

मी तो शब्द खोडायला लावला आणि पंचनाम्याला स्वतः गेलो. कुलूप शाबूत होतं. कुलूप शाबूत असलं की चोर घरातला, हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या बाईंनी तर दारातच सांगून टाकलं, "पुतन्यानंच टेंपोत भरलं साहेब, दिवसाढवळ्या. इचारलं तर म्हनला, काकांनीच सांगितलंय."

पुतण्या ठाण्यात आला तो कडक इस्त्रीत, पाहुणा आल्यासारखा. "वाळवी लागली होती साहेब. कशेळ्याच्या बाजारात भजीवाल्याला देऊन टाकली. रद्दीची कसली चोरी?"

कशेळ्याला मी बाजाराचा बंदोबस्त पुष्कळ केलाय. कपाटामागे पडून राहिलेला एक अंक आम्हाला मिळाला होता, तो मी त्याच्यासमोर धरला. कागद जाड, गुळगुळीत. "हा तेल पितो का रे? भजीवाला असला कागद फुकटसुद्धा घेत नाही. नाव सांग त्याचं. जीप काढतो, आत्ता जाऊ."

तेव्हा तो कबूल झाला. नाव नव्हतंच, कारण भजीवालाच नव्हता. सगळा माल त्याने लोधिवलीजवळच्या एका नव्या जिमवाल्याला विकला होता.

तिथे गेलो आणि माझा तोल सुटायचाच बाकी राहिला. मोठमोठी चित्रं ब्लेडने कापून, प्लायवूडवर गोंदाने चिकटवून, वर काच लावून भिंतीभर टांगलेली. बाकीची पानं जाळून टाकलेली. वर मालक म्हणतो, "आम्ही तर मान राखलाय साहेब. फ्रेमा तरी परत मिळतील ना?" त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. वर्दी होती म्हणून हात खिशात ठेवला.

ओळख पटवायला काकांना नेलं. ते एका परदेशी बॉक्सरच्या चित्रापुढे थांबले. काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "ह्याच्या पाठीमागं मी हाय."

ठाण्यात आम्ही कच्चं लिहायला पाठकोरे कागद वापरायचो. त्यामुळे कागद हातात आला की आधी उलटून बघायचा, ही सवयच. हा कागद उलटताच येत नव्हता. कर्जतच्या फ्रेमवाल्याला दाखवला. तो म्हणाला, भिजवला तर लगदा होईल.

नातेवाईक ठाण्यात खेटे घालू लागले. "घरातलं हाय, मिटवा साहेब." काकांनी मान हलवून नाही म्हटलं. मी पुतण्या आणि जिमवाला, दोघांवर दोषारोपपत्र दाखल केलं आणि त्याचं मला आजही समाधान आहे. एवढं मात्र कळलं, की दुसऱ्याच्या जिवाच्या वस्तूला 'रद्दी' म्हटलं तेव्हाच निम्मी चोरी झालेली असते. उरलेली टेंपो करतो.

कोर्टाच्या हुकुमाने मुद्देमाल परत मिळाला. ती फ्रेम मी स्वतः भिसेगावला पोचवली. काकांनी ती खिळ्याला लावली, पण काच भिंतीकडे आणि प्लायवूड खोलीकडे. सुट्टीला आलेला धाकटा नातू हसला, "आजोबा, उलटी लावलीत."

"उलटी नाय रं," काका म्हणाले. "माजी बाजू हीच हाय."