बँडमास्तरांची सहा बटणं

बटणआत्याची जीभ फटकळ, पण हातात कसब असं की बघत राहावं. तिच्या दुकानातून सैल बटणाचा कपडा कधी बाहेर गेला नाही, म्हणून तर हे नाव पडलं. दुकान म्हणजे काय, एक शिवणयंत्र, एक टेबल आणि भिंतभर बटणांचे डबे. बटण दातावर टिचकवायचं आणि निकाल द्यायचा, ही तिची रीत. हे काचेचं, हे शिंपल्याचं, हे प्लॅस्टिकचं. त्यावर ब्र काढायची कुणाची बिशाद नव्हती.

तर शनिवारी सकाळी बँडमास्तर आपला जुना कोट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बागेत त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता. अस्तर उसवलं होतं, बटणं मळून काळी पडली होती.

"बटणं तेवढी हीच राहू द्या, बाई," ते म्हणाले. "बायकोनं निवडलेली आहेत. तिला जाऊन दोन वर्षं झाली."

"हीच राहतील, माझा शब्द," आत्या म्हणाली. एक बटण दातावर टिचकवून तिने जाहीर केलं, "हाडाचं आहे."

हाडाची बटणं ती सोड्याच्या गरम पाण्यात टाकायची. ही सहाही टाकली आणि अस्तर शिवायला बसली. शिवता शिवता संध्याकाळ झाली. बटणं काढून बघते तर काय, फुगलेली, खडबडीत झालेली, कडा वाकड्या.

तिची सून बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला. घरी आल्या आल्या तिने बटण भिंगाखाली धरलं आणि हसू दाबत म्हणाली, "आई, हे हाड नाही, बी आहे. बारमाही पाऊस पडतो ना, तसल्या घनदाट जंगलात ताडासारखं एक झाड असतं, त्याची. वाळली की हस्तिदंतासारखी टणक होते. खाली पडलेल्या बिया वेचतात, झाड तोडावं लागत नाही."

"बी? मग पाण्यात फुगणारच की मेली."

"तुमच्या इलॅस्टिकमधलं रबरही मूळचं तसल्याच जंगलातल्या झाडाचं. आणि तिसऱ्या डब्यात लपवलेलं चॉकलेटसुद्धा."

"म्हणजे तीस वर्षं मी जंगलात बसून धंदा करतेय," आत्या म्हणाली, "आणि चॉकलेटचं तुला कुणी सांगितलं?"

दोघी पोटभर हसल्या. पण बटणं वाळल्यावरही पहिल्यासारखी होईनात. डब्यात त्याच रंगाची सहा प्लॅस्टिकची होती. ती लावली असती तर म्हाताऱ्याला पत्ताही लागला नसता. आत्याने ती टेबलावर मांडली, बराच वेळ पाहिली आणि परत डब्यात लोटली. शब्द दिला होता ना. मग तीच वेडीवाकडी बटणं कोटाला लावली आणि काजं थोडी मोठी केली.

रविवारी मास्तर आले, तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. "मास्तर, चूक माझी. मी हाड समजले, ही निघाली झाडाची बी. पाण्यात भिजवून वाट लावली मी. काय बोलायचं ते बोला."

मास्तर कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. बोटं थरथरत होती. पहिलं बटण त्यांनी चाचपलं, खडबडीत कडेला धरलं आणि काजात सरकवलं. मग दुसरं. सहाव्याला जरा वेळ लागला.

"ही आधी फार गुळगुळीत होती, बाई," ते म्हणाले. "माझ्या बोटांत राहायचीच नाहीत. शेवटी शेवटी बायकोच लावून द्यायची. ती गेल्यापासून कोट उघडाच घालत होतो. आज माझी मी लावली."

आत्याला रडू आवरेना. "निघा आता, उशीर होईल," एवढंच तिला म्हणता आलं, आणि त्यांची कॉलर नीट करून तिने दार उघडून धरलं.