सुजाताचा पास बघायला: पुणे, दौंड, न्हावरे, शिरूर

थंडीत लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. आम्ही या जानेवारीत दौंडला गेलो. ऑफिसात रजेचं सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "गाडी बदलायला का?" दौंड म्हटलं की लोकांना जंक्शनच आठवतं. तिथं कुणी मुक्कामाला जातं, यावर त्यांचा अजूनही विश्वास बसलेला नाही.

कारण तसंच होतं. आमच्या सरांचा फोन आला होता. सर म्हणजे माझे व्हॉलीबॉलचे कोच. आता वय झालंय, प्रवास झेपत नाही, पण पुण्यात मुलींचा एक संघ अजून चालवतात आणि बोलतात अजून तसंच, हुकूम सोडल्यासारखं. "संघाला सेटर पाहिजे. शिरूरच्या कॉलेजात एक मुलगी आहे म्हणतात. शनिवारी तिची दौंडला मॅच आहे. जाऊन बघ आणि रविवारी संध्याकाळी मला सांग." मुलीचं नाव सुजाता, शेवटचं वर्ष. पुण्यातली एक मुलगीही त्यांच्या डोळ्यासमोर होती, सुजातापेक्षा वीतभर उंच. जागा एकच. आणि खेड्यातल्या मुलीचं कॉलेज संपलं की तिचं व्हॉलीबॉलही संपतं, कारण पुढे तिच्यासाठी संघच नसतो. हे सरांनी सांगायची गरज नव्हती.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पलीकडून आलेला चेंडू एकजण घेते, दुसरी तो जाळ्याजवळ उचलून देते, तिसरी उडी मारून तो पलीकडे हाणते. टाळ्या तिसरीला मिळतात. मधली ती सेटर, आणि तिनं उचलून दिलेला चेंडू म्हणजे आमच्या भाषेत पास. मी आयुष्यभर तिसरी होते. मला पास देता येत नाही, पण चांगला पास मिळाला की कसं वाटतं ते चांगलंच ठाऊक आहे. सरांनी मला पाठवलं ते म्हणूनच.

नवरा ड्रायव्हर म्हणून तयार झाला. श्रीकांतला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, खाण्यातलं मात्र सगळं कळतं. सकाळी निघालो. हडपसरची गर्दी पार करताना नाकी नऊ आले, उरुळी कांचनच्या पुढे रस्ता मोकळा झाला. कासुर्डीला टोल भरला आणि यवतला मिसळीसाठी थांबलो. झणझणीत होती, पाव ताजे होते, दोघांचं चहासकट पन्नासच्या आत भागलं. जाणाऱ्यांनी यवतलाच खाऊन घ्यावं.

"पास चांगला की वाईट हे कळतं कसं?" श्रीकांतनं वरवंडच्या आसपास विचारलं.

"मारणारीचे पाय बघायचे. पास चांगला असेल तर तिची धाव मध्ये अडखळत नाही."

"म्हणजे सुजाताला बघायला जायचं आणि दुसरीच्याच पायांकडे बघायचं?"

"हो."

"बरं झालं तू मला लग्नाआधी अशी बघायला आली नाहीस."

पाटसला डावीकडे वळून दौंडला पोचलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघा. स्टेशनजवळ साधा स्वच्छ लॉज मिळाला. सामान टाकून मैदानावर गेलो. कोर्टावर नुकतं पाणी मारलेलं होतं, फक्कीच्या रेषा मारून झाल्या होत्या. शिरूरच्या संघाचे क्रीडाशिक्षक तावरे सर मला बघून धावतच आले. पुण्याच्या मॅडम येणार हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं आणि कोर्टाच्या कडेला ऐन मध्यावर सावलीत बसवलं.

मॅच सुरू झाली. सुजाता सावळी, मध्यम उंचीची, केसांची घट्ट वेणी घातलेली. ती पास देईल म्हणून मी वाट बघत होते, पण पास दुसरीच मुलगी देत होती. सुजाता मारत होती. म्हणजे मारायचा प्रयत्न करत होती. दोन चेंडू जाळ्यात गेले, एक बाहेर गेला, एक कसाबसा पलीकडे पडला. प्रत्येक चुकीनंतर ती खाली मान घालून जागेवर जाऊन उभी राहायची. दुसऱ्या सेटलाही तेच. शिरूरचा संघ हरला. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि मला काहीच कळेना.

तावरे सर आले ते हसतच. "बघितलंत ना मॅडम? हरलो ते सोडा. आज मुद्दाम तिला मारायला ठेवली. एरवी नुसती पास उचलत असती, तुमच्या नजरेत तरी आली असती का?"

"अहो सर, मी तिचा पासच बघायला आले होते."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. भल्या माणसानं मुलीचं चांगलं व्हावं म्हणून तिला अख्खी मॅच चुकीच्या जागी खेळवली होती. राग कुणावर काढायचा तेच समजेना. पुढच्या मॅचचे संघ कोर्टावर आले होते, मुलींची जीप सुटायच्या बेतात होती. तिथं आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात एक गृहस्थ पुढे झाले. शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. सुजाताचे वडील. रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. मॅचसाठी शिफ्ट बदलून आले होते.

"जय भीम ताई. रागावू नगा, पण आज बघितली ती आमची सुजाता न्हवं," ते म्हणाले. "उद्या गावाला या. न्हावऱ्याच्या अलीकडं फाटा हाय. सकाळी विहारापुढं पोरी खेळत्यात. तिथं ती काय करती ते बघा, आन् मग न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सरळ म्हटलं. मी येते म्हणाले.

संध्याकाळी दौंडच्या बाजारात हिंडलो. स्टेशनजवळच्या बेकरीतला गरम खारीचा वास दूरवर येतो, त्याच्या मागं मागं जावं. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. श्रीकांत तृप्त. मला मात्र सुजाताची खाली गेलेली मान आठवत होती. मी नुसती मॅच बघून परत गेले असते तर सरांना काय सांगितलं असतं, हा विचार काही जेवू देत नव्हता.

रविवारी सकाळी पाटसमार्गे परत चौफुल्याला आलो आणि तिथून केडगावच्या अंगाला आत शिरलो. हा चौफुला ते शिरूर रस्ता अरुंद आहे, खड्डे आहेत, पण बघण्यासारखा आहे. केडगावच्या पुढे एका गुऱ्हाळावर थांबून गरम काकवी प्यायलो. पैसे घेईनात, म्हणून गुळाची एक ढेप विकत घेतली. पारगावच्या पुलावरून भीमा बघितली. पाणी भरपूर होतं, दोन्ही काठांना ऊस. पुलावर गाडी थांबवू नका, मागून ट्रॅक्टर येतात आणि ते थांबत नाहीत.

फाट्यावरून आत वळलो तर विहारासमोरच्या मोकळ्या जागेत जाळं लागलेलं होतं. एका बाजूला लोखंडी खांब, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. माझा उजवा गुडघा एवढ्या प्रवासानं आखडला होता, हळूहळू उतरले. सुजाताच्या वडिलांनी चहा आणला. खेळणाऱ्या मुली कशाबशा दहा असतील, काही सलवार-कमीजवर. त्यातली मंगल चांगली अंगानं भरलेली, माहेरपणाला आलेली, तिचं बाळ कट्ट्यावर आजीच्या मांडीत. दुसरी छाया, डावखुरी, जाळ्यावरून जेमतेम बोटं वर जाणारी. आज पास सुजाता देत होती.

मी पाय बघायला लागले आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला माझी निराशा झाली. सुजाताचे पास एकसारखे येत नव्हते. एक ठेंगणा, जाळ्यापासून हातभर लांब. दुसरा उजव्या बाजूला जास्तच पुढे गेलेला. तिसरा उंच. सरांनी आम्हाला शिकवलं होतं की पास कसा, तर डोळे मिटून मारता यावा, दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर. हे तर वाटेल तसं चाललं होतं. सरांना काय सांगायचं ते मी मनात ठरवूनही टाकलं.

"ती मंगल फारच छान मारते ग," श्रीकांत म्हणाला.

आणि मला एकदम दिसलं. मंगलला उडी येतच नाही. तिचे पाय जमिनीवरून उठतच नव्हते, तरी प्रत्येक चेंडू पलीकडे पडत होता. कारण तिला पास यायचा तो ठेंगणा आणि जाळ्यापासून लांब, उभ्या उभ्या ओढून मारता येईल असा. जास्त पुढे जाणारा होता तो छायासाठी, तिच्या डाव्या हातात बरोब्बर बसणारा. अर्धा तास झाला होता आणि एकीचीही धाव अडखळली नव्हती. मी मारणाऱ्यांचे पाय बघत होते आणि मन मात्र चेंडूवरच होतं.

खात्री करायला म्हणून मी उठले, चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. श्रीकांत म्हणाला, "अग, जपून." मी ऐकलं नाही. एकेकाळी माझी उडी बघायला लोक कोर्टाच्या कडेला थांबायचे. हे मी स्वतःच सांगतेय, पण खरं आहे.

मी धावत आले. सुजातानं पास दिला. ठेंगणा, जाळ्यापासून लांब. मंगलचा पास. मी तसाच पलीकडे ढकलला आणि मला भयंकर राग आला.

"वर दे," मी म्हणाले.

तिनं वर दिला. काय पास होता. जाळ्यालगत, उंच, हवेत थांबल्यासारखा, कुठल्याही संघातल्या कुठल्याही स्मॅशरनं मागावा असा. मी उडी मारली. चेंडू माझ्या बोटांच्या वरून खाली आला आणि माझ्याच पायाशी पडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी मी काहीच मागितलं नाही. सुजातानं पुन्हा पहिल्यासारखाच ठेंगणा दिला, फक्त किंचित पुढे. मी जवळजवळ जमिनीवरूनच हात फिरवला. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन आदळला, खाडकन, जुन्या दिवसांत आदळायचा तसा. मंगलच्या बाळानं टाळ्या वाजवल्या, म्हणजे आजीनं वाजवायला लावल्या.

नंतर विहाराच्या पायरीवर बसून मी सुजाताला विचारलं, "पहिलाच पास खाली का दिलास? मला तर तू कधी खेळताना बघितलं नव्हतंस."

ती लाजली. "तुम्ही गाडीतनं दार धरून उतरलात, ताई."

"मग दुसरा वर का दिलास?"

"तुम्ही मागितला म्हणून. मागितला तर द्यावा लागतो."

"पुण्यातल्या मुली खूप उंच आहेत. जमेल?"

तिनं विचार केला. "लगीच न्हाई जमायचं. चार दिवस बघावं लागंल त्यांना. कोण कशी पळती, कोण कवा दमती."

तिचे वडील म्हणाले, "चार दिवस मिळतील का तिला, ताई?" सरांशी बोलते, एवढंच मी म्हणाले. सरांची चाचणी एका सकाळची असते, तेवढ्यात जी चमकते ती राहते. सुजाता पहिल्या सकाळी चमकणार नाही, हे मला आणि तिलाही माहीत होतं.

परतताना शिरूरला जेवलो. बसस्टँडजवळच्या खाणावळीत मटकीची उसळ आणि भाकरी, दोघांचं शंभराच्या आतबाहेर. पुढे रांजणगावला गणपती आणि कारखाने एकमेकांना लागून आहेत. शिक्रापूरपासून वाघोलीपर्यंत ट्रकांच्या मागे. हा टप्पा रविवारी दुपारनंतर टाळता आला तर टाळा. श्रीकांत गाडी चालवत होता आणि मी सरांशी मनातल्या मनात भांडत होते.

घरी आल्यावर फोन केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मंगळवारी सकाळी पाठव, बघतो."

"एका सकाळीत नाही, सर. चार दिवस द्या."

"चार दिवस मी कुणाला दिलेत? तुला दिले होते?"

"नाही. पण मी मारणारी होते. ती देणारी आहे. ज्यांना द्यायचं त्यांना आधी बघू तर द्या."

सर म्हणाले, "तू मारलंस तिच्या पासवर?"

"मारलं."

"उडी किती गेली?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी काही ना काही उडवाउडवीचं उत्तर देत आले होते. गुडघा बरा होतोय, वजन जरा वाढलंय, थंडीच आहे. या वेळी म्हणाले, "उडी राहिलेली नाही, सर. तिला ते मी गाडीतून उतरतानाच कळलं होतं. तरीही माझा चेंडू कोपऱ्यात पडला."

मग सर म्हणाले, "आठवड्याचे कपडे घेऊन ये म्हणावं. चार दिवसांनी तिला घ्यायची की नाही ते मीच ठरवणार, पण तेवढे देतो."

मी लगेच न्हावऱ्याच्या अलीकडल्या त्या गावात फोन लावला. वडिलांनी ऐकलं, "व्हय, व्हय" म्हणाले आणि मग, "शिफ्ट बदलून मीच आणून सोडतो." फोन ठेवला आणि मला रडू आलं. श्रीकांतला वाटलं आनंदानं. आनंद होताच. पण माझी उडी गेली, हे त्या सकाळपर्यंत मी मान्य केलं नव्हतं, आणि जिनं ते मला दाखवलं तिनं तसल्याच ठेंगण्या पासावर मला पुन्हा एकदा मारूही दिलं.