एकतीस दिवसांची पिशवी

थोरल्या काकांना रिक्षातून आणलं तेव्हा मी रक्तपेढीत पिशव्यांच्या तारखा तपासत होते. म्हैसूरच्या त्या इस्पितळात तंत्रज्ञ म्हणून लागून मला सहा वर्षं झाली होती. काकांचं अग्रहार पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, सदरे, लग्नातले कोट, सगळं ते शिवत. दिवसभर मशीनवर बसून गुडघे आणि पाठ धरायची, म्हणून औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून वर्षानुवर्षं घेत राहिले. त्या गोळ्यांनी पोटात जखम केली. त्या सकाळी कापड कापता कापता त्यांना रक्ताची उलटी झाली आणि ते कातरीसकट खाली बसले.

दुर्बीण घालून रक्तस्राव थांबवला, पण उलटीतलं काही फुप्फुसात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, लघवी कमी झाली आणि त्यांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. हिमोग्लोबिन साडेपाच होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन पिशव्यांची चिठ्ठी पाठवली.

चिठ्ठी घेऊन काकांचा मुलगा आला. माझ्याहून चार वर्षांनी लहान. रक्त न्यायचं तर घरच्या कुणीतरी बदली रक्त द्यायचं, हा आमच्याकडचा नियम त्याला ठाऊक होता, त्यामुळे मी काही सांगायच्या आधीच बाही वर करून तो खाटेवर आडवा झाला. पिशवी भरत असताना म्हणाला, "अक्का, हे अप्पांनाच जाईल ना?"

"रक्त साठ्यात जातं रे. साठ्यातलं त्यांना मिळेल."

"तेच की मग," तो म्हणाला. त्याला कळलं असावं असं मी धरून चालले.

फ्रिजमध्ये काकांच्या रक्तगटाच्या सात पिशव्या होत्या. पुढे दोन जुन्या, एक एकतीस दिवसांची, एक बत्तीस दिवसांची. मागे एका कॉलेजच्या शिबिरातून आलेल्या, तीन दिवसांच्या. मुदत पस्तीस दिवसांची असे आणि जी आधी संपणार ती आधी द्यायची. नाहीतर लोकांनी दिलेलं रक्त फेकावं लागतं. मात्र मुदतीत असलेलं रक्त महिनाभर जसंच्या तसं राहतं असंही नाही. तांबड्या पेशी ताठर होत जातात, काही फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. धडधाकट माणसाची किडनी ते निभावून नेते. ज्याची किडनी आधीच थकली आहे त्याचं काय होतं, यावर तेव्हा डॉक्टरांचंही एकमत नव्हतं.

माझा हात मागच्या पिशवीकडे गेला होता, हे मी लपवत नाही. मग मनात आलं, हे काका नसते तर मी कुठली काढली असती? मी पुढच्या दोन काढल्या, त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या, सही केली आणि पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"हिमोग्लोबिन साडेसात झालंय. पण श्वास जास्त लागलाय आणि पोटॅशियम वाढलंय. पिशव्या किती दिवसांच्या होत्या?"

"एकतीस आणि बत्तीस."

"किडनी तशीही बंद पडत आली होती. रक्तामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण यापुढे लागलं तर ताजं द्या."

पुढे एक पिशवी लागली, ती मी पाच दिवसांची दिली. डायलिसिस सुरू झालं. हिमोग्लोबिन आठावर टिकलं आणि नवव्या दिवशी काका गेले.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा रक्तपेढीत आला. इस्पितळात कुणीतरी त्याला काही सांगितलं होतं. दारातूनच म्हणाला, "हळे, जुनं रक्त दिलंस म्हणे अप्पांना? मी त्या दिवशी ताजं देऊन गेलो तरी?"

मी नोंदवही उघडून त्याच्यासमोर ठेवली. तारखा दाखवल्या. नियम सांगितला. त्याच्या पिशवीच्या चाचण्याच त्या दिवशी झाल्या नव्हत्या, आणि मुलाचं ताजं रक्त बापाला देणं कधीकधी उलटतं, हेही सांगितलं. सगळं खरं होतं. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"माझं कुणाला गेलं?"

"ते सांगता येत नाही."

"वाचलं का ते माणूस?"

"आम्हाला कळत नाही. पिशवी इथून गेली की संपलं."

"आयतु, झालं तर," एवढंच म्हणून तो गेला. त्यानंतर आमचं जाणं-येणं तुटलं. काकू सणाला निरोप पाठवत, तो मात्र समोर आला तरी मान वळवून जाई.

पुष्कळ वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आलेली असताना, परदेशांत यावर झालेल्या मोठ्या चाचण्यांविषयी माझ्या वाचनात आलं. अत्यवस्थ रुग्णांत काहींना ताजं रक्त दिलं, काहींना जास्त दिवस साठवलेलं, आणि मरणाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. अगदी मुदतीच्या काठावरच्या पिशव्यांबद्दल मात्र त्यांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. सुटल्यासारखं वाटलं नाही. आधी अडकल्यासारखं वाटत होतं की नाही, हेही नीट सांगता येणार नाही.

नंजनगूडला नात्यातलं एक लग्न होतं. तिथे काकांचा मुलगा भेटला, केस पिकलेले. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि वाचलेलं सगळं सांगितलं, मुदतीच्या काठाचं धरून. तो ऐकत राहिला.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

मांडवात नादस्वर वाजत होता, म्हणून तो थोडा जवळ सरकला. "तू तेव्हा वर आली नव्हतीस, अक्का. मला दहा मिनिटं आत सोडलं होतं. पहिली पिशवी चालू होती. अप्पा म्हणाले, थंडी वाजतेय, शाल दे. नर्स म्हणाली, बाहेरची शाल आत नको. मग मी त्यांचे पाय हातात धरून बसलो."

मी वर गेले नव्हते, हे खरंच होतं. पिशव्या पाठवून मी पुढच्या चिठ्ठ्या हातात घेतल्या होत्या.

"मग?" मी विचारलं.

"मग वेळ संपली म्हणून बाहेर काढलं."

दुसऱ्या पंगतीला बोलावणं आलं. त्याने माझ्यासाठी शेजारचं पान धरून ठेवलं.